मूल घरी आल्यावर तपासणी होते, मदत कोण करणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दत्तकाचे आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी कार्यालयातून निघू लागले ते सप्टेंबर २०२२ पासून. बाल न्याय कायद्यातील २०२१ ची दुरुस्ती तेव्हा लागू झाली आणि त्याच महिन्यात नवे दत्तक नियमही आले. तेव्हापासून या विषयावर जे काही छापून येते ते बहुतेक प्रतीक्षायादीबद्दल असते. मूल घरी गेले की बातमी संपते. सरकारी यंत्रणेचे लक्षही साधारण तिथेच संपते. आम्हाला बोलायचे आहे ते त्यापुढच्या दोन वर्षांबद्दल, आणि मुख्यतः ठाणे-नवी मुंबईतल्या कुटुंबांच्या बाबतीत.

नियमात काय आहे ते आधी पाहू. पालक आणि मूल यांची निश्चिती झाली की दहा दिवसांत मूल 'दत्तकपूर्व फॉस्टर केअर', म्हणजे आदेश होईपर्यंतचा तात्पुरता सांभाळ, म्हणून घरी येते. मूल जिथे होते ती दत्तक संस्था जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज दाखल करते आणि त्यावर दोन महिन्यांत आदेश व्हावा अशी तरतूद आहे. ज्या संस्थेने पालकांचा गृह अध्ययन अहवाल, म्हणजे घराच्या व परिस्थितीच्या पाहणीचा अहवाल, केला, तिचीच समाजकार्यकर्ती मूल घरी आल्याच्या तारखेपासून दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी, पाठपुरावा भेट देते. ठरलेल्या नमुन्यातला अहवाल आणि मुलाचे फोटो दत्तकाच्या सरकारी पोर्टलवर चढतात. म्हणजे एकूण चार अहवाल. मूल आणि पालक यांचे जुळत नसेल तर संस्थेने किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाने समुपदेशनाची सोय करावी, असेही नियमात आहे.

कागदावर हे ठीक दिसते. प्रत्यक्षात पहिली भेट सहाव्या महिन्यात येते आणि अडचण येते तिसऱ्या ते दहाव्या आठवड्यात. पहिले दोन-तीन आठवडे मूल फार शहाण्यासारखे वागते: मिळेल ते खाते, सांगू ते ऐकते, पाहुण्यांच्या मांडीवर जाऊन बसते. नातेवाईक कौतुक करतात. ते वागणे घाबरलेल्या मुलाचे असते. हे घर लगेच सुटणार नाही असा थोडा भरवसा आला की खरे वागणे सुरू होते. चार-पाच वर्षांचे मूल उशीखाली पोळी, बिस्किटे लपवते. रात्री दोन-तीनदा किंचाळून उठते. सुटलेली शू पुन्हा अंथरुणात होते. आई-बाबांपैकी एकालाच चिकटते आणि दुसऱ्याला, बहुतेकदा आईला, जवळ येऊ देत नाही, चावते, ढकलते. आपले काही चुकते आहे असे त्या आईला वाटू लागते. मुलाने तोवर संस्थेत सांभाळणाऱ्या, एकामागून एक बदलणाऱ्या मावश्या पाहिलेल्या असतात, आणि जी व्यक्ती सर्वांत जवळ येते ती जाते, हे ते शिकलेले असते. म्हणून ते सर्वांत जवळच्या माणसाची परीक्षा घेते. एवढे एक वाक्य योग्य आठवड्यात योग्य माणसाने सांगितले तर घरातला अर्धा ताण उतरतो. ते सांगायला त्या आठवड्यात कोणी नसते.

बरे, कुटुंबाने स्वतःहून फोन करावा तर कोणाला? समाजकार्यकर्तीला? तीच अहवाल लिहिणार असते. आदेश झालेला नसेल तर तो अहवाल जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर जाणार असतो, आणि मूल परत नेतील ही भीती पालकांच्या मनात सतत असते. आदेशानंतरही ती भीती सहज जात नाही. त्यामुळे भेटीच्या दिवशी घर आवरलेले, मूल नव्या कपड्यांत, ताटात शिरा. अहवालात 'बालक कुटुंबात रुळले आहे' हे वाक्य येते. हे वाक्य या राज्यातल्या अहवालांतून किती वेळा लिहिले गेले असेल याची आम्हाला उत्सुकता आहे. समाजकार्यकर्तीला दोष देण्यात अर्थ नाही. तपासणी आणि मदत ही दोन कामे एकाच माणसाकडे दिली की मदत मागणे म्हणजे स्वतःविरुद्ध पुरावा देणे होते. आमची मागणी मुळात एवढीच आहे की ही दोन कामे वेगळी करा, आणि मदतीचे काम पहिल्या आठवड्यापासून सुरू करा.

जिल्हा बाल संरक्षण कक्ष हे काम करू शकेल का? मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेच्या रचनेत जिल्ह्याच्या कक्षात समुपदेशकाचे पद एक असते. ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच ८० लाखांवर होती. सहा महापालिका, शिवाय अंबरनाथ, बदलापूर, आणि मुरबाड-शहापूरचा ग्रामीण भाग. अत्याचार झालेली मुले, घरातून पळालेली, स्टेशनवर सापडलेली, बालविवाहातून सोडवलेली, अशा सगळ्यांचे समुपदेशन त्याच पदाकडे येते. दत्तक घरातले मूल त्या रांगेत शेवटीच उभे राहणार, आणि तातडी पाहता ते बरोबरही आहे. म्हणून या कामासाठी माणूस वेगळाच लागेल.

आणखी एक अडचण नवी मुंबईची खास आहे. हार्बर मार्गावर बेलापूर आणि खारघर ही लागोपाठची स्टेशने. बेलापूर नवी मुंबई महापालिकेत, जिल्हा ठाणे. खारघर पनवेल महापालिकेत, जिल्हा रायगड. बेलापूरच्या कुटुंबाचे जिल्हा कार्यालय ठाण्यात कोर्ट नाक्याजवळ, खारघरच्या कुटुंबाचे अलिबागला. नोंदणी नेरूळच्या भाड्याच्या घरातून झाली आणि मूल येईपर्यंत कुटुंब कामोठ्याला राहायला गेले, हे या भागात नेहमीचे आहे. घर बदलले की गृह अध्ययन करणाऱ्या संस्थेला आणि नव्या जिल्ह्याच्या कक्षाला लेखी कळवायचे असते, पोर्टलवरचा पत्ताही बदलायचा असतो. बहुतेक जण भाडेकरार आणि आधारवरचा पत्ता बदलतात आणि हे राहून जाते. मग पाठपुरावा कोणी करायचा यावर दोन जिल्ह्यांत पत्रापत्री होते आणि एखादी भेट बुडतेच.

मूल दुसऱ्या जिल्ह्यातल्या किंवा दुसऱ्या राज्यातल्या संस्थेतून आले असेल तर वेगळाच खड्डा पडतो. पाठपुराव्याला जी संस्था येते तिने ते मूल कधी पाहिलेले नसते, आणि ज्यांना मूल माहीत आहे ते शेकडो किलोमीटर दूर. नियमानुसार मूल ताब्यात देताना संस्थेने 'लाइफ बुक' म्हणजे मुलाची जीवनपुस्तिका, फोटो आणि वैद्यकीय इतिहास द्यायचा असतो. बऱ्याचदा हातात येते ती चार फोटोंची प्लास्टिकची फाइल. पालकांनी निघण्यापूर्वी मागून घ्याव्यात अशा गोष्टी साध्या आहेत, पण त्या गडबडीत सुचत नाहीत: लसीकरणाचे मूळ कार्ड, दुधाच्या पावडरीचे नाव आणि ती किती पाण्यात कालवत होते ते माप, जेवणाच्या व झोपेच्या वेळा, दिवा लावून झोपते की अंधारात, मूल पाण्याला, शूला आणि भुकेला कोणता शब्द वापरते, आणि त्याने वापरलेली एखादी न धुतलेली चादर. धुतली की तिचा ओळखीचा वास जातो, म्हणून न धुतलेली. जिल्हा कक्षाने ही एक पानी यादी मराठीत छापून दोन्ही बाजूंच्या सह्यांसह बंधनकारक केली तर खर्च कागदाचा. मुलाला सांभाळणाऱ्या मावशीशी पहिले सहा आठवडे आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल, हीसुद्धा फुकटात होणारी गोष्ट आहे. काही संस्था हे मनापासून करतात. ते संस्थेच्या मर्जीवर राहू नये.

दुधाचा उल्लेख मुद्दाम केला. पावडर पुरवून वापरण्यासाठी काही ठिकाणी दूध पातळ कालवले जाते. घरी आल्यावर पालक डब्यावर लिहिल्याप्रमाणे, म्हणजे बहुतेक ब्रँडमध्ये ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा, असे दूध देतात आणि बाळाचे पोट बिघडते. लगेच ब्रँड बदलतात, मग आणखी बिघडते. आधी तोच ब्रँड ठेवून बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने माप योग्य करावे, ब्रँड बदलायचाच तर पाच-सात दिवसांत हळूहळू. वजन सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी नोंदवावे. नऊ-दहा महिन्यांचे मूल पातळ पेजेपलीकडे काही घेत नसेल तर तो हट्ट नसतो. त्याला घट्ट पदार्थ तोंडात फिरवायची सवयच लागलेली नसते.

वैद्यकीय अहवालाचेही तसेच. तो संस्थेत एका दिवशी केलेला असतो. हिमोग्लोबिन, थायरॉइड, हेपटायटिस बी, श्रवणाची बेरा चाचणी आणि डोळे या तपासण्या घरी आल्यावर आपल्या डॉक्टरांकडून पुन्हा करून घ्याव्यात. एचआयव्हीच्या अँटिबॉडी चाचणीवरून घाबरून गेलेली कुटुंबे आम्हाला माहीत आहेत. आईकडून आलेली प्रतिद्रव्ये बाळाच्या रक्तात अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात, त्यामुळे त्याआधीची पॉझिटिव्ह अँटिबॉडी चाचणी निर्णायक नसते, रक्तातला विषाणूच शोधणारी पीसीआर चाचणी करावी लागते. या गोष्टीची माहिती देणारा एक डॉक्टर जिल्ह्याने नेमून दिला तर पुरे. विकासात मागे असलेल्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा स्तरावर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची योजना आहे, वाशीला नवी मुंबई महापालिकेचे दिव्यांगांसाठीचे ईटीसी केंद्र आहे. सोयी अगदीच नाहीत असे नाही. दत्तक संस्थेच्या फाइलमधून त्या सोयींपर्यंत चिठ्ठी जात नाही, एवढेच.

आता कागदपत्रे. याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे कुटुंबांची सर्वांत जास्त दमछाक होते आणि हीच गोष्ट सर्वांत लवकर सुधारता येईल.

आदेश निघाला की दत्तक पालकांची नावे आई-वडील म्हणून असलेला जन्मदाखला, अर्ज मिळाल्यापासून पाच दिवसांच्या आत द्यावा असे नियम सांगतात. तो घ्यायला पालक आपल्या प्रभाग समिती कार्यालयात जातात आणि परत पाठवले जातात. कारण दाखला पालक राहतात तिथे निघत नाही. जन्माची नोंद जिथे आहे तिथे, आणि टाकून दिलेल्या बाळाची आधी नोंदच नसेल तर संस्था ज्या निबंधकाच्या हद्दीत आहे तिथे तो निघतो. मूल लातूरच्या संस्थेतले असेल तर दाखलाही तिकडचाच. अर्ज संस्थेने करायचा असतो. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत जन्मदाखला हाच मुख्य पुरावा झाला आहे, म्हणजे हा एक कागद अडला की पुढचे सगळे अडते.

नावाकडे आदेशाआधीच लक्ष द्यावे. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचे नाव महाराष्ट्रात मूल, आई, वडील, आडनाव या क्रमाने लिहायचे आहे. संस्थेच्या अर्जात जुन्या सवयीने आईचे नाव गळले तर ते आदेशातही गळते, आणि मग आदेश एका क्रमाने व दाखला दुसऱ्या क्रमाने होतो. पालकांच्या आडनावाचे स्पेलिंग आधार, पॅन आणि आदेश या तिन्हींत अक्षरशः एक हवे. मसुदा दाखल होण्यापूर्वी पालकांना वाचायला देणे ही सक्ती असावी. आदेशातली चूक दुरुस्त करायला पुन्हा अर्ज, पुन्हा तारीख. एकट्या आईने दत्तक घेतले असेल तर खिडकीवरचा माणूस वडिलांचा रकाना रिकामा ठेवायला तयार नसतो. एकट्या व्यक्तीला दत्तक घेण्याचा अधिकार कायद्याने दिलेला असताना हा वाद दर वेळी नव्याने घालावा लागतो. शासनाच्या एका स्पष्ट परिपत्रकाने तो संपेल.

आधारची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. संस्थेतल्या पुष्कळ मुलांचे आधार आधीच निघालेले असते, संस्थेच्या पत्त्यावर आणि संस्थेतल्या कोणाच्या तरी मोबाइल क्रमांकावर. पालकांना ते सांगितले जात नाही. ते नवीन नोंदणी करतात. मूल पाच वर्षांवरचे असेल तर बोटांचे ठसे जुळून नवी नोंदणी फेटाळली जाते. पाचखालचे असेल तर ठसे घेतलेच जात नाहीत, त्यामुळे दुसरा क्रमांक निघू शकतो आणि ती चूक पाचव्या वर्षीच्या बायोमेट्रिक अद्ययावतीकरणात बाहेर येते, ऐन शाळेच्या वेळी. योग्य मार्ग म्हणजे जुनाच क्रमांक ठेवून दत्तक आदेश व नवा जन्मदाखला जोडून नाव, पत्ता आणि मोबाइल बदलणे. नाव दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, म्हणून नवा दाखला हातात येईपर्यंत घाई करू नये. आणि ताबा देताना आधार क्रमांक व त्याला जोडलेला मोबाइल संस्थेने लेखी द्यावा, हे वरच्या यादीत घालावे.

आदेश येईपर्यंतचे ते दोन-तीन महिने सर्वांत अवघड. मूल घरात, पण कागदावर त्याचे आई-वडील कोणीच नाहीत. कंपनीच्या गट विम्यात नाव घालायला जन्मदाखला मागतात आणि नाव घालायची मुदत अनेक ठिकाणी तीसच दिवस असते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसाठी शिधापत्रिकेवर नाव हवे, तेही घातले जात नाही. त्याच काळात मूल न्यूमोनियाने दवाखान्यात गेले तर बिल खिशातून. संस्थेचे ताबापत्र आणि फॉस्टर केअरचा करार हे या मधल्या काळासाठी पुरेसे पुरावे मानावेत, असे आरोग्य आणि अन्न व नागरी पुरवठा या दोन खात्यांनी कळवले तर हा प्रश्न सुटतो.

रजेबद्दल थोडक्यात. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीत तीन महिन्यांखालील मूल दत्तक घेणाऱ्या आईला बारा आठवडे रजा दिली गेली. स्वेच्छेने सोपवलेल्या बाळाच्या जन्मदात्यांना फेरविचाराला साठ दिवस, त्यानंतर बाळ दत्तकासाठी कायदेशीरदृष्ट्या मुक्त घोषित होणार, मग पालकांना सुचवणार, मग जुळणी. ही बेरीज तीन महिन्यांत बसवून दाखवा! या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले, त्यात इथे शिरत नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या रजा नियमांत एक वर्षाखालच्या मुलासाठी आईला १८० आणि वडिलांना १५ दिवस आहेत. पण सहा वर्षांच्या मुलाला घरात आई किंवा बाबा कमी लागतात असे कोणी ठरवले? ऐरोली-महापेच्या कंपन्यांत काम करणारे पालक मोठे मूल घरी आणतात आणि दहाव्या दिवशी कामावर हजर होतात. मूल पुन्हा एका अनोळखी बाईच्या, नाहीतर पाळणाघराच्या ताब्यात.

मोठ्या मुलांच्या शाळेचेही लिहायला हवे. मूल वर्षाच्या मध्ये येते, कधी हिंदी बोलणारे, कधी तेही नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ नुसार त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश आणि विशेष प्रशिक्षण मिळायला हवे. शाळा त्याऐवजी एक-दोन इयत्ता मागे बसवायला सुचवते. सरल या विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन नोंदीच्या सरकारी प्रणालीत जुन्या शाळेची नोंद जुन्या नावाने असते, जनरल रजिस्टरमधले नाव बदलायला शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, तोवर हजेरीत जुनेच नाव पुकारले जाते आणि वर्गाला सगळे कळते. नवा जन्मदाखला मिळाल्यावर शाळेने दत्तक आदेशाची प्रत मागायची काहीच गरज नाही. मागितलीच तर मुख्याध्यापकांनी पाहून परत द्यावी, लिपिकाच्या फाइलमध्ये झेरॉक्स ठेवू नये. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांच्या शिक्षण विभागांना असे पत्र काढायला मंत्रालयाची वाट पाहायची जरूर नाही.

हे सगळे न जमल्यास काय होते, तेही स्पष्ट लिहायला हवे. आदेशापूर्वी मूल परत गेले तर नियमांत एक शब्द आहे, आदेशानंतर नाते रद्द झाले तर दुसरा. मुलाला दोन्हींत फरक पडत नाही, ते दुसऱ्यांदा सोडले गेलेले असते आणि पुढच्या घरी विश्वास ठेवायला त्याला दुप्पट वेळ लागतो. अशा प्रकरणांची फाइल मागून वाचली तर बिघाडाची सुरुवात बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांत सापडते, पहिल्या भेटीच्या आधी.

म्हणून प्रस्ताव असा. कोकण विभागाची कार्यालये बेलापूरच्या कोकण भवनात आहेत, आणि ठाणे, रायगड हे दोन्ही जिल्हे त्याच विभागात येतात. तिथे दत्तक कुटुंबांसाठी एक खोली आणि दोन प्रशिक्षित समुपदेशक द्यावेत, ज्यांना अहवाल लिहिण्याचा अधिकारच नसेल. मुलाला इजा होत असेल तर कळवणे त्यांनाही बंधनकारक राहीलच, बाकीचे बोलणे गोपनीय. मूल घरी आल्यापासून आठव्या दिवशी एक फोन, तिसऱ्या, सहाव्या आणि दहाव्या आठवड्यात घरी भेट, पुढे वर्षभरात गरजेप्रमाणे दहा सत्रे विनाशुल्क. महिन्यातून एका शनिवारी पालकांची बैठक, आलटून पालटून ठाण्यात आणि वाशीत, आणि तिथे कागदपत्रांची माहिती असलेला एक कर्मचारी हजर. मूल दहा-बारा वर्षांचे झाल्यावर 'मी कुठून आलो' हा प्रश्न येतो तेव्हाही हीच खोली कामाला येईल, कारण मुळांचा, म्हणजे आपल्या जन्माच्या माहितीचा, शोध घेण्याचा अर्ज अठरा वर्षांखालच्या मुलाला पालकांसोबत करता येतो हे फारच थोड्या घरांना ठाऊक असते.

यासाठी दिल्लीतून नियम बदलून आणावे लागत नाहीत. सहामाही अहवाल नियमाप्रमाणे चालू राहतील, आणि समुपदेशनाची जबाबदारी नियमांनी जिल्ह्यावर टाकलेलीच आहे. दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी आणि महिला व बाल विकास विभागाने पदे आणि जागा मंजूर करावी. तोपर्यंत निदान ती एक पानी यादी छापून प्रत्येक संस्थेच्या टेबलावर ठेवावी.

आपले,
दत्तक कुटुंबांसोबत काम करणारे काही समाजकार्यकर्ते व समुपदेशक,
ठाणे आणि नवी मुंबई